काशाची वाटी

आमच्या घरातल्या फडताळात एक काशाची वाटी आहे. तळहातावर मावेल एवढी, बुडाला गोलसर, एका बाजूला जराशी चेपलेली. तिला बाजारात फारशी किंमत येणार नाही. पण मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, आणि इतिहास म्हटलं की राजे, लढाया आणि तह एवढंच मुलांना सांगत आलो. निवृत्तीनंतर वाटायला लागलं, की या वाटीचाही इतिहास आहे आणि तो आपल्या सातारा-सांगली भागाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

याला निमित्त झालं माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं. ती पुण्यात एका परदेशी उपचारपद्धतीचं शिक्षण घेत होती. हलक्या हातानं डोकं, मान, पाठ, पावलं यांना स्पर्श करायचा आणि माणसाच्या मनात साठलेलं जुनं दुःख, जुनी भीती मोकळी करायची, असं त्या पद्धतीचं म्हणणं. ती मला म्हणाली, "सर, मन विसरतं, पण शरीर विसरत नाही." मी म्हटलं, "पोरी, तू हे पुण्यात शिकलीस. मी पाटण तालुक्यात शिकलो, आणि तेसुद्धा आठव्या वर्षी."

११ डिसेंबर १९६७ची पहाट. चार वाजून एकवीस मिनिटं झाली होती, हे नंतर वाचून कळलं. त्या वेळी कळलं ते एवढंच, की कुणीतरी घर उचलून आपटतंय. कोयनेचा तो भूकंप ६.३ ते ६.६ च्या दरम्यानचा मोजला गेला. मुंबई, पुणे, गोव्यापर्यंत धक्का जाणवला, मुंबईची वीज गेली. पावणेदोनशेच्या आसपास माणसं दगावली. कोयनानगरमधली बहुतेक घरं मोडली. धरणाला तडे गेले, पण धरण उभं राहिलं. नाहीतर आज हे सांगायला मी नसतो. धरणात पाणी अडवल्यामुळे भूकंप होतात का, या प्रश्नावर जगभरातले शास्त्रज्ञ आजही कोयनेचं उदाहरण घेतात. सप्टेंबरमध्ये एक मोठा धक्का येऊन गेलाच होता. मोठी माणसं तेव्हापासून बिचकलेली होती. आम्ही पोरं मात्र निर्धास्त झोपत होतो.

आमचं घर दगडमातीचं, वर कौलं. पुढच्या सोप्याला लागून गोठा. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला एका काखेत आणि धाकट्या बहिणीला दुसऱ्या काखेत धरून अंगणात आणून टाकलं. आई आणि आजी मागून आल्या. पाठोपाठ गोठ्याची भिंत बसली. आत गाय होती.

त्यानंतरचे दिवस आठवतात ते थंडीचे. खळ्यात गवताच्या पेंढ्या रचून केलेला आडोसा, मग पत्र्याची शेड. जमीन काही थांबली नव्हती. महिनोन् महिने लहान-मोठे धक्के येत राहिले. भांडं वाजलं तरी सगळे बाहेर पळायचे. माझी बहीण तेव्हा पाच वर्षांची. ती त्या पहाटेपासून बोलेनाशी झाली. रडायची नाही, मागायची नाही. रात्री डोळे उघडे ठेवून पडायची. तिचे पाय लाकडासारखे ताठ असायचे.

डॉक्टर जखमा बांधायला आले होते, तेवढं त्यांना पुरे होतं. बोलत नाही म्हणून पोर डॉक्टरला दाखवायची असते, हे आमच्या गावात कुणाला ठाऊक नव्हतं. आजीनं ढिगाऱ्यातून जी चार भांडी काढली, त्यांत ही वाटी होती. चेपलेली. रोज तिन्हीसांजेनंतर आजी शेडच्या कोपऱ्यात बसायची, बहिणीला पुढ्यात घ्यायची आणि म्हणायची, "दे पाय इकडं." तळपायाला बोटभर तूप लावायचं, तूप नसेल तर तेल, आणि वाटीच्या बुडानं टाचेपासून बोटांपर्यंत हळूहळू घासत राहायचं. एक पाय झाला की दुसरा. तोंडानं काहीतरी पुटपुटायची. कधी शेरडांची नावं, कधी माहेरच्या माणसांची. 'घाबरू नको' असं मी तिला एकदाही म्हणताना ऐकलं नाही.

होळीच्या सुमारास एके रात्री बहीण म्हणाली, "आजी, हळू." एवढे दोनच शब्द. आई तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

आता तुम्ही म्हणाल, वाटीनं पोर बरी झाली. तसं मी म्हणणार नाही. अडीच-तीन महिने गेले होते, धक्के कमी झाले होते, शाळेचं छप्पर झालं होतं, खेळायला पोरं परत आली होती. त्यातलं नेमकं कशानं झालं, हे सांगायला कुणी दोन बहिणी घेऊन एकीला वाटी आणि एकीला नाही असा प्रयोग केलेला नव्हता. पण रोज ठरावीक वेळी, त्याच हातांनी, त्याच ठिकाणी, न बोलता, न विचारता कुणीतरी आपल्याला धरतं, ही गोष्ट त्या पोरीच्या बाजूनं होती, एवढं मी नक्की सांगेन.

आजीला हे कुणी शिकवलं? पुस्तकानं नाही, पण पुस्तकात ते आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात रोजच्या दिनचर्येत अभ्यंग सांगितला आहे आणि पायांना तेल लावण्याचे गुण वेगळे मोजले आहेत. कारणही दिलं आहे. स्पर्शाच्या इंद्रियात वायूचं प्राबल्य, आणि ते इंद्रिय त्वचेच्या आश्रयानं राहतं, म्हणून त्वचेला तेल. त्याच परंपरेत भीतीनं आणि शोकानं येणारा ज्वर वेगळा ओळखला आहे आणि त्यावर पहिला उपाय सांगितला आहे तो धीर देण्याचा. म्हणजे मनाची भीती अंगावर उमटते, हे आपल्याकडच्या वैद्यांना नवीन नव्हतं.

पण वैद्यापेक्षा मोठी व्यवस्था घरात होती. बाळ जन्मलं की सुईण सव्वा महिना येणार, बाळाला आणि बाळंतिणीला तेल लावून चोळणार, शेक देणार, ओव्या-शेपांची धुरी देणार. नरक चतुर्दशीला आई सगळ्यांना तेल-उटणं लावणार. भाऊबीजेला बहीण भावाच्या डोक्याला तेल घालणार. तालमीत पैलवान एकमेकांचं अंग रगडणार. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीतलं कांस्यपदक घेऊन आले, ते याच मातीतले. शेतातून दमून आलेल्या सासऱ्याचे पाय सून चेपणार. कुणी कुणाला, कधी आणि कुठं हात लावायचा, याचं एक न लिहिलेलं कॅलेंडरच होतं.

हे सांगताना आपल्याला बरं वाटतं. 'आमच्याकडे सगळं होतं' असं म्हणायला सोपं जातं. पण इतिहासाच्या मास्तरानं इथंच थांबलं पाहिजे. कारण त्याच कॅलेंडरात कुणाला हात लावायचा नाही हेही लिहिलेलं होतं.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भीमराव नावाच्या मुलाचं नाव दाखल झालं. महाराष्ट्रात आता तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या मुलाची आई साताऱ्यातच गेली होती. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवलं आहे, की वर्गात बसायला त्यांना स्वतःचं गोणपाट न्यावं लागे आणि शिपायानं नळ सोडल्याशिवाय पाणी मिळत नसे. त्याच आठवणींत एक गोष्ट आहे, जी आपण भाषणांत फारशी सांगत नाही. साताऱ्यात न्हाव्यांची वाण नव्हती आणि घरात पैशाचीही अडचण नव्हती. पण एकही न्हावी त्या मुलांच्या डोक्याला हात लावायला तयार नव्हता. त्यांचे केस थोरली बहीण कापत असे.

गावगाड्यात न्हाव्याचं काम फक्त हजामतीचं नव्हतं. अंग रगडणं, चंपी करणं हेही त्याचंच. म्हणजे ज्याचा धंदाच दुसऱ्याच्या अंगाला हात लावण्याचा, त्यानंच हात मागे घेतलेला. आणि दुसरीकडे पाहा. आपल्या भागात सुईणपण अनेक गावांत मांग समाजातल्या बायका करायच्या. वरच्या जातीच्या घरात मूल जन्मलं, की त्याला पहिला स्पर्श तिचा. सव्वा महिना तिनं त्याला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं. मग घर शुद्ध करून घ्यायचं आणि तिनं पुन्हा उंबऱ्याबाहेर उभं राहायचं. त्याच साताऱ्यातून १९०१ साली ती भावंडं वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली, मसूर स्टेशनवर उतरली आणि त्यांची जात कळल्यावर गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. तो प्रवास आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. पण न शिवणं हीसुद्धा एक जखम आहे आणि ती अंगावरच होते, हे त्या केस कापणाऱ्या बहिणीकडं पाहिलं की कळतं. स्पर्शाच्या औषधाचा गौरव करताना ते औषध कुणाला नाकारलं होतं, हे सोडून चालणार नाही.

दुसरी जखम सैनिकांची. साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे. त्याला सगळे अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणाचा स्तंभ गावात आहे. मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढत होत्या. कुत-अल-अमाराचा वेढा डिसेंबर १९१५ मध्ये सुरू झाला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपाशी फौजेनं शरणागती पत्करली. त्यांत मराठा पलटणींचे जवान होते. वाळवंटातून चालत नेलेल्या त्या कैद्यांपैकी अनेक जण परतले नाहीत.

आणि जे परतले, त्यांचं काय? विलायतेत १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक' हा शब्द वापरून लेख लिहिला. तोफांच्या माऱ्यातून आलेल्या, जखम नसलेल्या शिपायांना कापरं भरायचं, वाचा जायची, दिसेनासं व्हायचं. गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी त्यावर खास रुग्णालयं निघाली. आमच्याकडच्या शिपायाला पेन्शन मिळालं, पदक मिळालं, क्वचित जमीन मिळाली. रात्री तो ओरडत उठला, तर घरचे म्हणायचे, बाहेरचं काही लागलं असेल. माझ्या लहानपणी असे एक म्हातारे शिपाई आमच्या गावात होते. ते कायम भिंतीला पाठ लावून बसायचे, मागून कुणी गेलं तर चालायचं नाही. न्हाव्याकडंसुद्धा ते आरशासमोर बसत. आम्ही पोरं त्यांना हसायचो. आज त्याची लाज वाटते.

तिसरी जखम आपल्याच माणसांनी आपल्याच माणसांना केलेली. १९४३ ते १९४६ या काळात नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली इथं प्रतिसरकार चाललं. त्या वेळचा सातारा जिल्हा म्हणजे आजचा सातारा आणि सांगलीचा मोठा भाग. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. प्रतिसरकारनं गावोगाव न्यायनिवाडे केले, दारूबंदी केली, साध्या पद्धतीनं लग्नं लावली. इंग्रजांच्या राज्यात लोकांनी स्वतःचं राज्य चालवून दाखवलं, याचा अभिमान बाळगलाच पाहिजे. पण लोक त्याला 'पत्री सरकार' म्हणायचे आणि त्याचं कारण असं सांगतात, की गुंड, दरोडेखोर आणि फितुरांना तळपायावर मार दिला जायचा. बैलाला पत्री ठोकतात तशी. इकडं भूमिगतांचा ठावठिकाणा काढण्यासाठी इंग्रजांचे पोलीसही लोकांना झोडपत होते.

हे वाचलं की माझ्या मनात आजीची वाटी येते. ज्या तळपायाला ती तूप लावत होती, त्याच तळपायावर वीस-पंचवीस वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात काठ्या पडल्या होत्या. मारणाऱ्यांना आणि चोळणाऱ्यांना एकच गोष्ट ठाऊक होती, की तळपाय ही माणसाची फार नाजूक जागा आहे. तिथून दुखवताही येतं आणि निववताही येतं.

आता माझ्या विद्यार्थिनीच्या पुस्तकांकडं वळू. पश्चिमेत या विचाराला शंभरएक वर्षांचा इतिहास आहे. बर्लिनमध्ये एल्सा गिंडलर नावाच्या बाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोकांना श्वास आणि शरीर यांच्याकडं शांतपणे लक्ष द्यायला शिकवत. फ्रॉइडचे शिष्य विल्हेल्म राइख यांनी मांडलं, की दाबलेल्या भावना स्नायूंमध्ये चिलखतासारख्या घट्ट बसतात. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या हालांनंतर १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी आघातानंतरच्या मनोविकाराला अधिकृत नाव दिलं. शेल शॉकला स्वतंत्र आजाराची पाटी मिळायला अशी पासष्ट वर्षं गेली. पीटर लेव्हिन यांनी १९९७ मध्ये आणि बेसेल व्हॅन डर कोल्क यांनी २०१४ मध्ये लिहिलेल्या पुस्तकांनी 'शरीर आघात लक्षात ठेवतं' हा विचार घरोघरी नेला.

आपल्याकडंही काम झालं आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगक्रिया करणाऱ्याच्या शरीरात काय घडतं, हे उपकरणं लावून मोजायला सुरुवात केली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. के. के. दाते आणि त्यांचे सहकारी यांनी १९६९ मध्ये शवासनाचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम प्रसिद्ध केला. निपचित पडून राहणं हाही उपचार असू शकतो, हे त्यांनी रक्तदाबाच्या आकड्यांनी दाखवलं. बाळाच्या तेल-मालिशीचंही तसंच. फ्रेंच डॉक्टर लबॉये यांनी कोलकात्यात एका आईला बाळाला मालिश करताना पाहिलं आणि १९७६ मध्ये तिच्याच नावानं, 'शांतला' हे पुस्तक काढलं. दहा वर्षांनी, १९८६ मध्ये, अमेरिकेतल्या टिफनी फील्ड यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिवसातून तीनदा, पंधरा पंधरा मिनिटं, दहा दिवस हळुवार चोळलं. त्या बाळांचं वजन इतरांपेक्षा रोज ४७ टक्के जास्त वाढलं. आमच्या सुईणीनं वजनकाटा वापरला नव्हता, एवढाच फरक.

पण इथंही थांबून पाहायला हवं. 'स्नायूत दुःख साठतं आणि दाबलं की बाहेर येतं' हे बोलायला सोपं आहे. दुःख म्हणजे काही गोणीत भरलेले गहू नव्हेत. भीतीनं नाडी वाढते, श्वास तोकडा होतो, स्नायू ताठतात, झोप उडते आणि धोका टळल्यावरही शरीराला ही सवय राहते, एवढं पक्कं माहीत आहे. सुरक्षित वाटेल असा स्पर्श हा ताण कमी करू शकतो, हेही खरं. संशोधकांना त्वचेत असे मज्जातंतू सापडले आहेत, की जे सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर इतक्या संथ गतीच्या, गोंजारण्यासारख्या स्पर्शाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. गंमत म्हणजे हे तंतू मुख्यतः लव असलेल्या त्वचेत असतात, तळपायाला नव्हेत. तेव्हा माझ्या आजीच्या वाटीचं शास्त्र मी त्यांच्या नावावर खपवणार नाही. डोक्याच्या कवटीला हलका हात लावून जुने आघात मोकळे करण्याचे जे दावे होतात, त्यांना भक्कम पुरावा अजून मिळालेला नाही.

वाटीचाही एक दावा तपासून पाहिला आहे. घासता घासता तळपाय काळा पडतो आणि आजी म्हणायची, "बघ, अंगातली उष्णता निघाली." आजकाल अशी यंत्रं निघाली आहेत. त्यांवर पाय ठेवला की वाट्या आपोआप फिरतात, आणि काळं पडलं की शरीरातलं विष निघालं असं सांगतात. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी एकदा बसायच्या पाटाला तूप लावलं आणि त्यावर वाटी घासली. पाटही काळा झाला. कासं म्हणजे तांबं आणि कथील यांची मिश्रधातू. घासताना तुपातल्या आम्लांची तांब्याशी प्रक्रिया होते आणि काळा मळ सुटतो. सर हसून म्हणाले, "गुरुजी, तुमच्या पाटाला फार उष्णता होती." म्हणजे काळं पडतं ते वाटीचं. शांत होतं ते माणूस. या दोन गोष्टींची गल्लत करायची नाही.

आणखी एक सांगायलाच हवं. प्रत्येकाला स्पर्श गोड लागतो असं नाही. ज्याला हातांनीच इजा झाली आहे, त्याला परक्याचा हात पुन्हा त्याच जागी नेऊन सोडू शकतो. म्हणून आधी विचारायचं आणि नको म्हटलं की तिथंच थांबायचं. उपचाराच्या नावाखाली कुणी दार बंद करून नकोसा हात लावत असेल, तर तो उपचार नव्हे. आणि महिनोन् महिने झोप नाही, जगणं नकोसं झालंय, दारू वाढलीय, असं असेल तर वाटीवर विसंबू नका, मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटा. २०२२ पासून सरकारची 'टेली-मानस' सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर फोन केला की मराठीत बोलता येतं. १९६७ साली आमच्याकडं यातलं काहीच नव्हतं.

शेवटी आबांविषयी. त्यांची गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली.

भूकंपानंतर आबा पुन्हा कधी छपराखाली झोपले नाहीत. नवं घर बांधलं, चांगलं बांधलं. पण ते झोपायचे अंगणात. पावसाळ्यात पडवीच्या कडेला, निम्मं अंग बाहेर. लोक म्हणायचे, माणूस विक्षिप्त आहे. बोलणं आधीच कमी, ते आणखी कमी झालं. शेडमध्ये असताना आजी रोज बहिणीचे पाय झाले की त्यांना हाक मारायची, "ये रं, तुझंबी पाय चोळते." आबा म्हणायचे, "पोरीला लाव. मला काय झालंय? तूप वाया जाईल." हा संवाद मी इतक्या वेळा ऐकला, की तो मला पाठ झाला होता. त्याचा अर्थ मात्र तीस वर्षांनी कळला.

१९९८च्या हिवाळ्यात आबा अंथरुणाला खिळले. पायांना सूज, आग आग व्हायची. डॉक्टरांना विचारून एके संध्याकाळी मी फडताळातली वाटी काढली. या वेळी त्यांनी नाही म्हटलं नाही, बहुधा तेवढं बळ नव्हतं. मला काही आजीसारखं येत नव्हतं. वाटी हातातून निसटायची. चार-पाच दिवस असे गेले. एके रात्री ते छताकडं बघत म्हणाले, "दावं तोडायला इळा हाताशी हुता."

मला आधी समजलं नाही. मग समजलं. गायीचं दावं. विळा तिथंच खुंटीला होता. दोन पावलांवर गोठा आणि दोन पावलांवर आम्ही. ते आमच्याकडं आले. एकतीस वर्षं तो माणूस रोज रात्री त्या दोन पावलांचा हिशेब करत होता, आणि ज्यांच्यासाठी त्यानं तो केला ती आम्ही दोन पोरं घरात मोठी झालो, शिकलो, आमची लग्नं झाली. आम्ही कुणी त्याला विचारलं नाही. मला काहीतरी बोलायला हवं होतं. 'आबा, तुम्ही बरोबर केलंत' एवढं तरी. मी फक्त पाय चोळत राहिलो. त्या रात्री ते खोलीत झोपले, छपराखाली. त्यानंतर ते सहा आठवडे जगले.

बहीण आता सांगलीला असते. तिला नातवंडं झाली. तिला मी विचारलं, भूकंपाचं काय आठवतं? ती म्हणाली, "भूकंप काहीच आठवत नाही रे दादा. आजी घासून झालं की वाटी परातीत ठेवायची, तो आवाज आठवतो."

राजे, लढाया, तह शिकवताना एक गोष्ट माझ्याकडून राहून गेली. अपशिंग्याच्या स्तंभावर न चढलेली, जिवंत परत आलेली माणसं. साताऱ्यात भावाचे केस कापणारी बहीण. उंबऱ्याबाहेर उभी राहिलेली सुईण. आणि 'मला काय झालंय' म्हणून तूप वाचवणारे बाप. तुमच्या घरात असं म्हणणारा कुणी असेल, तर त्याच्या या बोलण्यावर इतक्या लवकर विश्वास ठेवू नका. त्याच्याजवळ बसा, हात लावू का म्हणून विचारा. आणि माझ्याकडून जे राहिलं ते तुम्ही करा, तोंडानंही दोन शब्द बोला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)